घटसर्पाची सुई

"पयले माह्या बैलाले टोचा, बाई. मंग बाकीच्याइले," असे म्हणत लालसूने शिंगे धरून बैल पुढे ओढला.

सुगंधाबाईंनी खांद्यावरची बर्फाची पेटी खाली ठेवली. मोहाच्या झाडाखाली गावातली सारी गुरे दाटीवाटीने उभी होती; लेकरू मात्र एकही नव्हते.

"मी नर्सबाई हाओ, ढोराइची डॉक्टर नाई. लेकरं कुठी आहेत?"

"नदीवर धाडले. ढोरं बुजतात ना! तुमीच त सांगावा धाडला, घटसर्पाची सुई हाय म्हनून. दरसाली ढोराइलेच त टोचतात; आमाले वाटलं, औंदा तुमीच टोचता."

चूक बाईंचीच होती. गुरांच्या आणि लेकरांच्या रोगाला नाव एकच, हे चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यांना सुचले नव्हते. चूक कबूल करण्याची सवय मात्र त्यांना नव्हती. त्यांनी आवाज चढवला.

"लेकराच्या गळ्यातबी होते घटसर्प! पांढरी साय धरते, जीव कोंडते. पल्याडच्या टोल्यावर, त्या लहानशा वस्तीत, या आठवड्यात दोन लेकरं गेली. हा बर्फ दुपारपर्यंत टिकन. बर्फ गेला का लस गेली. ढोरं सोड, लेकरं आन!"

लालसू धावला. लेकरे ओल्या अंगाने आली आणि बाईंना पाहताच त्यांनी एकच आकांत मांडला.

"गप, नाई त सुईवालीले देऊन टाकीन!" बुधरी नावाच्या एका आईने आपल्या थोरल्या पोराला दटावले.

बाईंनी हे एकतीस गावांत ऐकले होते. एकाने त्यांच्या मनगटाला कडकडून चावा घेतला, तरी हात हलला नाही. तेविसावे लेकरू टोचून झाले तेव्हा पेटीत बर्फाचे दोनच खडे तरंगत होते.

"बैल शाने, बाई. एकबी रडला नसता," लालसू हसला.

बुधरीच्या झोळीत पंचवीस दिवसांची पोर जागी होती. बाईंनी वाकून पाहिले, तशी तिने त्यांचे बोट मुठीत धरले. रडली नाही.

"हिले नाई टोचत?" बुधरीने विचारले.

"दीड महिन्याची होऊ दे. पुढच्या खेपेले."

"चला बाई, एस्टी चुकन," लालसूने पेटी उचलली.

"थांब जरासा."

माणसे पांगली, गुरे रानाकडे वळली. पुढच्या खेपेपासून ही पोरही बाईंना सुईवाली म्हणून ओळखणार होती, पाहताच रडणार होती. बाईंनी बोट सोडवून घेतले नाही.