सात नव्हे, अकरा

वेढेपाड्याच्या शाळेत दर सोमवारी फळ्यावर आठवड्याच्या बातम्या लागत. शाळा म्हणजे दोन खोल्या, एकवीस मुलं, एक गुरुजी आणि खिचडी शिजवायला रंभा. भोवती वीस-वीस मजली टॉवर उभे राहिले होते. त्यांतली मुलं पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जात, आणि गावातली ज्यांना बस लागायची ती इथे येत.

बातम्या ही टिपणीस गुरुजींची हौस. गुरुदत्त टिपणीस, राहणार डोंबिवली पूर्व, निवृत्तीला चौदा महिने बाकी. कुकरची शिट्टी झाली तरी दचकून उभा राहणारा माणूस. पण बातमीच्या बाबतीत कडक. बातमी चौथीच्या मुलांनी लिहायची, स्वतः पाहिलेलीच लिहायची, शनिवारपर्यंत पुसायची नाही, आणि कुणाला चूक वाटली तर त्याने लेखी कळवायचं. हा शेवटचा नियम एका बकरीच्या बातमीवरून दोन घरांत कोयते निघाले तेव्हाचा. लिहून द्या म्हटल्यावर दोन्ही घरं कोयते घेऊन मुकाट परत गेली होती.

त्या सोमवारी फळ्यावर ऐश्वर्याचं अक्षर होतं. पहिली बातमी, शाळेच्या नळाला गुरुवारी पाणी आले, सगळे बघायला गेले. दुसरी, पहिलीतल्या मुलाने खडू खाल्ला, त्याला काही झाले नाही. तिसरी अशी:

'रविवारी दुपारी आपल्या मैदानावर चषकाची फायनल झाली. पंच गणूकाकांनी नयनकाकाला रनआऊट दिले. म्हणून आमच्या आजोबांनी गणूकाकांना स्टंपाने सात वेळा मारले. मी मोजले. कमलेशकाकाने बॅटने मारले. गणूकाकांचे दोन दात खेळपट्टीवर पडले. ते उचलल्यावर सामना पुढे सुरू झाला. आपण जिंकलो.'

गुरुजींनी हे दोनदा वाचलं आणि दाराकडे पाहिलं. ऐश्वर्याचे आजोबा म्हणजे परशुराम अप्पा: माजी सरपंच, चषकाचे देणगीदार, शाळा समितीचे अध्यक्ष. एकवीस मुलांतली बारा त्यांच्या भावकीतली. नयन आणि कमलेश हे त्यांचे मुलगे. आणि मार खाल्लेला गणू म्हणजे रंभाचा नवरा.

पोलिसांनी तपास रविवारीच संध्याकाळी उरकला होता. मैदानावर तीनशे माणसं होती, पण मारामारीच्या त्या दहा मिनिटांत तीनशेही माणसं वडापाव खायला गेली होती. वडापावची गाडी एकच. सामना यूट्यूबवर लाइव्ह दाखवणाऱ्या पोराचा कॅमेरा नेमका तेव्हा आभाळातली घार बघत होता. सबब, गणू पाय घसरून पडला. पडता पडता त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला, तीन बरगड्या गेल्या आणि डाव्या डोळ्याच्या जागी वांगं उगवलं. खेळपट्टी फारच निसरडी असणार.

गुरुजींनी डस्टर उचललं. तेवढ्यात मागे पावलं वाजली. रंभा रात्रभर ठाण्याच्या इस्पितळात बसून तशीच आली होती. न येऊन चालणार नव्हतं, मुलांची खिचडी कोण शिजवणार? ती फळ्यासमोर उभी राहिली. चौथी शिकलेली. एकेका शब्दाखाली बोट फिरवत तिने ओठांतल्या ओठांत सगळं वाचलं. दातांपाशी बोट थांबलं, मग पुढे गेलं.

"गुरुजी, ह्या पुसू नका," ती म्हणाली. "पोलीस बोलतो, कोनी बगितलाच नाय. पोरीनं बगितलाय ना?"

"नाही पुसत," गुरुजी म्हणाले. "शनिवारपर्यंत नियमच आहे." नियमाचं नाव घेतल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. तेहेतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी जे काही धाडस केलं होतं, ते नियमाच्या पाठीमागे उभं राहूनच.

रंभाने मोबाइलवर फोटो काढला आणि दुपारी चौकी गाठली. हवालदाराने तो मोठा करून पाहिला. "अक्षर छान आहे पोरीचं," तो म्हणाला. "पण नऊ वर्षांची. त्यात आरोपीचीच नात. कुणी मोठं माणूस आण. लेखी आण. मग बघू."

रंभाने हे येऊन गुरुजींना सांगितलं. मोठी माणसं मंगळवारपासून आपल्या पायांनी शाळेत यायला लागली.

पहिला नयन आला. मोटारसायकल थेट वर्गाच्या दारात. "मास्तर, यो काय लिवलाय? मी आऊट नव्हतो!"

"अरे नयन, ती फक्त बातमी..."

"बॅट आत होती माजी. सगल्या गावात बदनामी. आत्ताच्या आत्ता बदला."

गुरुजींच्या तोंडून शब्द निघाले ते त्यांचे नव्हतेच, तेहेतीस वर्षांच्या नोकरीचे होते. "लेखी द्या. नाव, सही, तारीख."

आणि नयनने बसून लिहिलं. 'मी आऊट नव्हतो. बॅट रेषेच्या आत होती. म्हणूनच मी पंचाच्या पोटात दोन लाथा मारल्या. आऊट असतो तर मारल्या नसत्या. बातमीत लाथा लिहिलेल्या नाहीत, त्या लिहाव्यात.' खाली सही. गुरुजींनी आवक नंबर टाकला आणि पोहोच दिली.

तासाभराने कमलेश हजर. त्याचं म्हणणं, बातमीत त्याचं एकच वाक्य, तेही अप्पांच्या नंतर. स्टंप तिसऱ्या फटक्यालाच मोडला होता. जबडा बॅटने गेला, आणि बॅट त्याची. "मेहनत माजी नि नाव बापाचा," तो म्हणाला आणि तेच लिहून दिलं. संध्याकाळी त्यांची आई सखुबाई आली. तिला लिहिता येत नव्हतं. तिने सांगितलं, गुरुजींनी लिहिलं: गणू आडवा पडल्यावर तिने त्याच्या तोंडावर चप्पल मारली होती, दोनदा, आणि बायकांची दखल ही शाळा कधीच घेत नाही. तिने अंगठा उठवला.

बुधवारी खुद्द अप्पा आले. पांढरा शर्ट, गळ्यात साखळी, बोटांवर पट्टी. गणूच्या दातांनी कापलं होतं.

"बसा अप्पा. चहा?"

"सात?" अप्पा फळ्याकडे बघत म्हणाले. "मास्तर, सात? मना काय म्हातारा समजलाव तुमी? अकरा मारलेत. पब्लिकला विचारा."

पब्लिक वडापाव खात होती, हे गुरुजींना आठवलं. त्यांनी कागद पुढे सरकवला. अप्पांनी एकाच ओळीत लिहिलं: 'सात नव्हे, अकरा.' मग थोडा विचार करून खाली जोडलं, 'गणू या इसमास मारताना मोजण्यात चूक झालेली आहे.' सही केली. सरपंचपद जाऊन सहा वर्षं झाली तरी शिक्का खिशातच असे. तोही उठवला.

गुरुजींनी चारही कागद फाईलला लावले. आपण काय गोळा करतो आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं असं म्हणवत नाही. पण फाईलला लावलेल्या कागदाकडे पुन्हा बघायचं नसतं, अशी त्यांची सवय.

गुरुवारी ऐश्वर्या शाळेत आली ती लांब बाह्यांचा झगा घालून. उकाडा मरणाचा. दुपारी खिचडीची ताटली धरताना बाही वर सरकली. कोपरापासून मनगटापर्यंत निळे-काळे पट्टे, रांगेने, वहीतल्या समासासारखे सरळ.

"काय झालं गं?"

"आजोबांनी मारलं. सात लिहिलं म्हणून." ती रडत नव्हती. हिशेबातलं काहीतरी अडलं असावं तसा चेहरा. "गुरुजी, मी सातच मोजले. पुढचे मी डोळे मिटले होते. अकरा लिहू का?"

गुरुजींनी तिची बाही खाली ओढली. "तू किती पाहिलेस?"

"सात."

"मग सातच राहू दे."

मागे पातेल्यातला डाव थांबला होता. रंभा त्या हाताकडे बघत उभी होती. तिने ताटलीत आणखी एक डाव खिचडी घातली एवढंच. गुरुजी ऑफिसात गेले, फाईल काढून चारही कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, आणि पुन्हा फाईलला लावले नाहीत. दुपारनंतर मुलांना शुद्धलेखन देऊन ते रिक्षाने विठ्ठलवाडी स्टेशनपाशी जाऊन झेरॉक्स काढून आले. प्रत्येक प्रतीवर 'सत्यप्रत' लिहून सही केली, शाळेचा शिक्का मारला, जावक नंबर टाकला आणि पाकीट रंभाच्या हातात ठेवलं.

"मोठी माणसं. लेखी," ते म्हणाले. "पळ."

हवालदाराने पाकीट उघडलं, चारही कागद वाचले, 'साहेबांना दाखवतो' म्हणाला आणि रंभाची पाठ वळताच फोन लावला. "अप्पा, तुमचा शिक्का इथं काय करतोय?"

शुक्रवारी अकरा वाजता बाप आणि दोन्ही मुलगे शाळेत शिरले. कमलेश आधी वर्गात गेला. "काय रं, पाढे येतात? मोठ्यानं बोला. बंद केलाव तर बगा." मग ऑफिसचं दार लागलं.

बाराच्या पाढ्याला गुरुजींचा चष्मा गेला. तेराला खुर्चीवरून खाली आले. कपाट आडवं झालं, जिल्ह्याचा नकाशा ठाण्यापाशी फाटला. नयन लाथा मारताना दर वेळी "मी आऊट होतो? होतो?" असं विचारत होता, आणि गुरुजींना क्रिकेटमधलं काही कळत नसल्यामुळे ते उत्तर देऊ शकत नव्हते. अप्पा खुर्चीत बसून शांतपणे एकच विचारत होते: "मूल कागद कुठं हायत?"

गुरुजी शूर नव्हते. पण काही केल्या शब्द बाहेर येईना. कमलेशने त्यांचा उजवा हात ओढून टेबलाच्या खणात धरला आणि खण गुडघ्याने बंद केला. लाकूड सागाचं, सरकारी, जुनं. पलीकडे मुलं सतराच्या पाढ्याशी आली होती. सतराचा पाढा तसाही कुणाला नीट येत नाही. मुलं अडखळली, थांबली, आणि त्या शांततेत दुसऱ्यांदा खण बंद झाल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तिसऱ्यांदा मात्र गुरुजी बोलले. "तांदळाच्या पिंपात."

मूळ कागद खिचडीच्या शेगडीवर जळाले. रंभाला भिंतीशी दाबून धरलं होतं. तिने कमलेशच्या दंडाचा लचका तोडला, त्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं. जाताना अप्पांनी फळा पुसला. एकदा नाही, कोपरे धरून, नीट.

शनिवारी टिपणीस गुरुजी ठाण्याच्या इस्पितळात होते, तीन बोटं प्लास्टरमध्ये, एक कान बधिर, हाताला सलाईन. तिसऱ्या खाटेवर गणू. त्याचा जबडा तारेने बांधला होता, आणि डोक्याला टाके घातलेली रंभा त्याला नळीने पेज पाजत होती. सकाळीच निरोप आला होता: भावकीतल्या बाराही मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले मागायला अर्ज आले आहेत. ऐश्वर्याला मामाकडे मुरबाडला धाडलं.

दुपारी साहेब स्वतः आले, मागे हवालदार. गणू मोडला तेव्हा कुणाला काही पडलं नव्हतं. पण शाळेच्या वेळेत, ऑफिसात, सरकारी नोकराच्या अंगावर हात पडला म्हणजे तो सरकारच्या अंगावर पडला. खाली शिक्षक संघटनेची साठ माणसं घोषणा देत होती, आणि सोमवारपासून तालुक्यातल्या शाळा बंद ठेवायची भाषा चालली होती.

"बोला गुरुजी," साहेबांनी खुर्ची ओढली. "जबाब घेतो, संध्याकाळपर्यंत तिघांनाही उचलतो. पूर्ण नाव सांगा."

गुरुजींनी ओठ ओले केले. "आधी ह्यांचं घ्या."

"कुणाचं?"

गुरुजींनी प्लास्टरचा हात तिसऱ्या खाटेकडे केला.

"ती वेगळी भानगड आहे हो. साक्षीदार नाही. मूळ कागद जळाले, झेरॉक्सवर काय होतंय?"

"चौघांनी ते माझ्यासमोर लिहिलेत. सह्या माझ्यासमोर झाल्यात, अंगठाही. मी साक्षीदार." आवाज इतका बारीक होता की हवालदार पुढे वाकला. "आधी त्यांची फिर्याद, मग माझा जबाब. नाहीतर माझं राहू द्या."

"गुरुजी, असं अडवता येत नाही."

"हो का?" गुरुजी म्हणाले. उठून निघून जावं असं त्यांना फार वाटत होतं, पण हाताला सलाईन लावलेलं होतं.

खालून घोषणा आली. साहेबांनी खिडकीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग हवालदाराकडे असं पाहिलं की झेरॉक्सचं पाकीट त्याच्या बगलेतून आपोआप बाहेर आलं.

"घे रे दुसरा कागद."

रंभाने वाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि स्टुलावर येऊन बसली. गुरुजींकडे तिने बघितलंही नाही. बघायला तिला सवड नव्हती.

"हां बाई," हवालदाराने पेन काढलं. "तर, नवरा घसरला कसा?"

"घसरला नाय," रंभा म्हणाली. "लिव तू. पयला नाव परशुराम. लिवलास? दाखव मना."

त्याने कागद फिरवून दाखवला. तिने त्या नावाखाली बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, आणि पुढचं नाव सांगितलं.