दगडाने प्यायलेली आग

सिनेमागृहाच्या वरच्या दालनात सकाळी सातपासूनच मुंगीला शिरायला जागा नसे. जिन्यावर, गच्चीवर, खाली रस्त्यावरही माणसं पोट धरून उभी. गावात गारबाबा आले होते आणि गारबाबांचा दगड म्हणे पोटातली आग पीत असे.

"लेकरांनो, आतड्यात वणवा पेटलाय!" बाबा डोळे मिटून हेल काढत. "गोळ्यांनी वणवा आत कोंडतो. गोळ्या सोडा, दगड धरा!"

रोगी आडवा होई. एक थंडगार दगड आधी सगळ्यांच्या हातांतून फिरे. मग बाबा तो लाल कापडाच्या जाड घड्यांत गुंडाळून रोग्याच्या पोटावर ठेवत आणि वरून ओंजळभर पाणी शिंपडत. चार-पाच मिनिटांत कापड असं तापे, की हात लावणारा चटका बसून मागे सरे.

"निघाली! आग निघाली!" दालन दणाणून जाई.

त्या काळी भिंतींना चुनाच लागत असे, आणि गावातल्या दोघी बहिणींतल्या थोरलीची उभी हयात लोकांच्या भिंतींना चुना देण्यात गेली होती. आईबाप गेल्यावर तिने धाकट्या बहिणीला लेकीसारखं वाढवलं. धाकटी कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करायची. वर्षभर तिच्या आतड्याला सूज होती. दिवसातून दहादा संडासाकडे धावायचं, रक्त पडायचं. दवाखान्यातल्या गोळ्यांनी नुकता कुठे उतार पडू लागला होता, तेवढ्यात शेजारणीने बाबांचं नाव काढलं.

धाकटीच्या पोटावरचं कापड तापलं तेव्हा थोरली अगदी जवळ उभी होती. तिला तो वास आला. भट्टीतून आलेल्या कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की येतो तोच, गरम आणि कोरडा. कापडाच्या घडीत पांढरी पूड दिसली. बाबांच्या बोटांना तिच्या बोटांसारखेच तडे होते. चुना पाणी पिऊन तापतो हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

पण धाकटी उठून बसली आणि हसली. "ताई, किती दिवसांनी पोट हलकं वाटतंय गं!"

थोरलीने तोंड मिटून घेतलं. पोरगी हसतेय ना, मग असू दे.

पंधरा दिवस धाकटी दोन्ही वेळा पोटभर जेवली. गोळ्यांची बाटली तिने फेकून दिली. "माझ्याकडेच बघा की!" म्हणत कारखान्यातल्या पोटाच्या दुखण्याच्या चार जणींना ती दालनात घेऊन गेली. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा रक्त दिसलं. चौथ्यात ती संडासातच कोसळली.

"मग मधे बरं कसं वाटलं हो तिला?" थोरलीने दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"खचत्या भिंतीला गवंडी टेकू लावतो ना? आतड्याच्या पेशींवर ताण आला की त्याही आतल्या आत टेकू तयार करतात. ती एक प्रकारची प्रथिनंच असतात. पेशीतली बाकीची प्रथिनं वाकडीतिकडी व्हायला लागली की ही त्यांना सावरून धरतात. गोळ्यांनी सूज उतरत होती, त्यांचा असर थोडे दिवस टिकला, शरीरही आपल्या परीने झुंजत होतं. श्रेय दगडाने लाटलं! पण गोळ्या बंद झाल्यावर सूज भडकली. एवढ्याला टेकू कुठवर पुरणार?"

थोरली तिथून तडक दालनात गेली. गर्दी रेटत पुढे झाली, बाबांच्या हातातलं लाल कापड तिने हिसकलं आणि रिकाम्या पत्र्याच्या डब्यात टाकून वर तांब्याभर पाणी ओतलं. डबा फसफसला. वाफ निघाली.

"लावा हात! चटका बसतोय ना? मग सांगा, या डब्याच्या आतड्याला सूज आलीय होय?"

कुणीतरी फिसकन हसलं. "हिच्या मनात पाप आहे!" बाबा ओरडले. थोरलीने कापड उलगडलं आणि घड्यांतला चुना सगळ्यांसमोर झटकला. बाबा मागच्या जिन्याने सटकले. एक म्हातारा मात्र जागचा हलेना. "बाई, मला बरं वाटत होतं हो," तो रडवेला होऊन म्हणाला, "कशाला उघडं केलंत?"

धाकटीची शस्त्रक्रिया झाली. हातभर आतडं काढावं लागलं, मळ बाहेर काढायला पोटाला पिशवी लावावी लागली. धाकटी वाचली. शुद्धीवर आल्यावर सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, "ताई, तुला कळलं कधी?"

खोटं बोलणं सोपं होतं. थोरली म्हणाली, "पहिल्याच दिवशी."

धाकटीने मान फिरवली. पुढे कित्येक महिने ती बहिणीशी बोलली नाही. धाकटीच्या शब्दावर गोळ्या सोडलेल्या चौघींपैकी एक तर दवाखान्यातून घरी परतलीच नाही.

भोंदू आपल्या हुशारीवर फार दिवस तग धरत नाही. ज्यांना त्याची लबाडी दिसते आणि तरी जे आपल्या माणसाचं हसू मोडायला नको म्हणून गप्प राहतात, त्यांच्या जिवावर तो पोसतो. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. बरं वाटलं तर कशाने वाटलं ते तपासा. आणि खोटं दिसलं तर त्याच क्षणी, भर गर्दीत, मोठ्याने बोला. समोरचं माणूस रागावलं तरी चालेल. ते जिवंत राहिलं पाहिजे.