रत्नपालची मिशी

पुतळ्याला मिशी होती आणि रत्नपालला नव्हती. हिरडेटोल्यात ही गोष्ट एकट्या त्याच्या आईला, पार्वताबाईला खटकत होती, आणि तीही वर्षानुवर्षं तोंड दाबून.

मिशी काही साधीसुधी नव्हती. दोन्ही कडांनी वर वळलेली, टोकाला पीळ दिलेली. दर पंधरा ऑगस्टच्या आधी घनश्याम पेंटर काळ्या ऑइलपेंटनं ती चकचकीत करून जायचा. बाकी पुतळा सोनेरी, छातीपर्यंतचा, बस थांबते तिथल्या चौथऱ्यावर. खाली लिहिलेलं, शहीद रत्नपाल यादोराव शहारे, १९९९. गोरेगावच्या बाजाराला निघालेली माणसं त्याच्याच सावलीत पिशव्या ठेवून एसटीची वाट पाहत. बकऱ्याही तिथंच बसत. पार्वताबाई रोज सकाळी चौथरा झाडायची आणि वर न बघता घरी यायची.

रत्नपाल गेला तेव्हा पेटी आली होती. सोबतच्या साहेबानं यादोरावला बाजूला घेऊन सांगितलं, पेटी उघडू नका. यादोराव गवंडी माणूस. भिंत सोडून कुणाशी भिडायची सवय नाही. त्यानं मान हलवली. झेंडा पांघरलेली पेटी, हवेत बंदुकांच्या फैरी, बिगुल, आजूबाजूच्या गावांतून लोटलेली माणसं. पंचशील झालं आणि नाल्याकाठच्या बौद्धांच्या जागेत पेटीसकट माती दिली. त्याआधी साहेबानं झेंडा काढला, त्याची घडी केली आणि दोन्ही हातांवर ठेवून पुढे आणली. पार्वताबाईनं हात पुढे केले. साहेब तिच्यावरून पुढे गेला आणि घडी अल्काच्या, सुनेच्या, हातांवर ठेवली. लग्न झालेल्या जवानाचा झेंडा बायकोला, असा नियम. नियमाशी कोण भांडणार? पार्वताबाईनं पुढे केलेले हात पदराला पुसले, जणू त्यासाठीच काढले होते.

आईच्या वाट्याला पुतळा आला. थोडी मदत सैनिक बोर्डाची, थोडी वर्गणी, जागा ग्रामपंचायतीची. धावपळ सारी सरपंच बिसनलालची. माणूस दिलदार, पण घाईचा. गोंदियाच्या ज्या मूर्तिकाराला त्यानं काम दिलं, तो एरवी गणपती, दुर्गा आणि पुढारी करायचा. त्याला रत्नपालचा मॅट्रिकचा फोटो नेऊन दिला, तर म्हणाला, "यह तो लड़का है. फौजी कहाँ है?" आणि त्याच्याकडे फौजीचा साचा तयारच होता. फोटो परत आला नाही.

पुतळ्यावरचा कपडा काढला तेव्हा पार्वताबाईला पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. तिनं पाहिलं आणि शेजारी उभ्या बिसनलालला हळूच विचारलं, "हा कोण आहे?"

"काकी, आपला रत्नपाल."

"त्याले मिशी कुठं होती?"

"फौजी बिना मूंछ का कैसा दिखेगा, काकी? रोब पाहिजे ना थोडा."

तेवढ्यात टाळ्या वाजल्या. पार्वताबाईनं अल्काकडे पाहिलं. ती तेव्हा दरेकशाला माहेरी राहायची, कार्यक्रमापुरती आली होती. निदान ही तरी बोलेल. पण अल्का पदराचा बोळा तोंडात कोंबून रडत होती, त्या परक्या चेहऱ्याकडे बघून, हुंदक्यावर हुंदका. पार्वताबाईच्या मनातून ती त्या क्षणी उतरली. नवऱ्याचं तोंड ओळखता येत नाही अन् रडते कायची?

पुढल्या वर्षी अल्कानं रेल्वेतल्या एका माणसाशी लग्न केलं. तरुण पोरगी, करणारच. त्याचा राग नव्हता. राग त्या रडण्याचा होता. रत्नपालचे होते नव्हते ते फोटो, लग्नातले आणि वर्दीतला, तिच्याच पेटीत गेले, आणि मागायला जायचं तर तिच्याशी बोलावं लागलं असतं. मग यादोराव दम्यानं गेला. घरात उरली पार्वताबाई, कोंबड्या, आणि यादोरावच्या छन्नी-हातोडीची थैली.

वर्षातून दोन दिवस ती वीरमाता असायची. त्या दोन्ही दिवशी तिला खुर्ची, नारळ, शाल मिळे. शालींची तर चळत लागली होती. एवढं ऊब देणारं गाव, पण उरलेल्या दिवसांत कुणी दारात येऊन "काय शिजवलं, बाई?" असं विचारत नसे. वीरमातेला काय शिजवलं विचारायचं, हे लोकांना बरं वाटत नसावं.

हे सगळं तिनं सोसलं असतं. पण दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात एक विचित्र गोष्ट झाली. मिशी आत शिरली.

आधी डोळे मिटले की रत्नपाल यायचा, गोल हनुवटीचा, वरचा ओठ किंचित पुढे आलेला. आता यायचा तो मिशीसकट. सायकलवरून यायचा, तर मिशी. जेवायला बसला, तर मिशी. एका दुपारी तिला हाफपँटमधला, पाटी घेतलेला रत्नपाल आठवला, आणि त्या सात वर्षांच्या पोरालाही पीळ दिलेली मिशी होती. पार्वताबाई खाटेवर उठून बसली. आधी हसूच आलं. मग वाटलं, पोर तर एकदा गेलंच होतं. आता त्याचं तोंडही चाललं. घरात एक फोटो नाही, पुतळा मात्र रोज समोर. हा असाच राहिला तर आपल्याजवळ काय उरेल?

ऊन मी म्हणत होतं. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. तिनं थैलीतून छन्नी काढली, हातोडी काढली, घरातलं स्टूल उचललं आणि बसच्या थांब्यावर गेली. जन्मभर यादोरावच्या हाताखाली घमेली वाहिलेली बाई. सिमेंट कुठं ठोकलं की कसं उडतं, ते हाताला ठाऊक होतं. हळू हळू, नाक सांभाळून, तिनं मिशी काढली. पदरानं भुकटी पुसली. मग स्टुलावरून उतरून, लांब जाऊन पाहिलं.

वरच्या ओठावर राखाडी, खरबरीत पट्टा. वर सोनेरी नाक, खाली सोनेरी हनुवटी. मिशी गेली, पण मिशीखालून रत्नपाल काही निघाला नाही.

ती घरी येऊन पडून राहिली. संध्याकाळच्या बसला माणसं जमली आणि गावात बोंब झाली. शहिदाच्या पुतळ्याची विटंबना! विहारापाशी पोरं गोळा झाली, हे मुद्दाम केलं कुणीतरी म्हणू लागली. पोवार मोहल्ल्यातली पोरं म्हणाली, आमच्याकडे कायले पाहता? आवाज चढले. बिसनलाल दोन्हीकडे हात जोडत फिरत होता. गोरेगावहून पोलिसांची गाडी आली.

पार्वताबाई दारातून ऐकत होती. हे असं होईल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिनं छन्नी हातात घेतली आणि गर्दीत शिरली.

"भांडता कायले? मी काढली."

जमादार वळला. "तुम्ही कोण, बाई?"

"त्याची माय."

बिसनलालनं कपाळावर हात मारला. "काकी! यह क्या कर दिया?"

"तुले तेव्हाच सांगितलं होतं. माह्या पोराले मिशी नव्हती."

"बाई, पुतळ्याची नासधूस गुन्हा आहे. मला लिहावं लागेल," जमादार म्हणाला.

"लिही ना. मायनं पोराची दाढी केली, असं लिही."

मागे कुणीतरी फसकन हसलं. मग विहाराकडचं एक पोरगं हसलं, मग पोवारांचं. जमादारानंही वही मिटली. गर्दी पांगली, पण जाता जाता एक म्हातारी म्हणालीच, "एकटी राहून राहून डोकं फिरलं बिचारीचं." पार्वताबाईनं ते ऐकलं. राखाडी ओठाच्या त्या पुतळ्याखाली ती अंधार पडेपर्यंत बसून राहिली.

ही बातमी पेपरात आली. कोपऱ्यात, चार ओळी.

मग एक दिवस दुपारच्या बसमधून अल्का उतरली. आधी पुतळ्यापाशी थांबली, बराच वेळ. मग घराकडे आली. अंगानं भरली होती, कानाजवळ एक-दोन केस पांढरे. दारातच उभी राहिली.

"मामी."

लग्नानंतर ती सासूला जे म्हणायची, तेच. पार्वताबाई कोंबड्यांना कणी टाकत होती. ती टाकतच राहिली.

"ये. पाणी पेतेस?"

"पेते."

पाणी पिऊन झालं. अल्का म्हणाली, "पेपरात आलं. यांनी वाचून दाखवलं."

"हं."

"काऊन काढली, मामी?"

"त्याची नव्हती म्हणून. तुले नाही समजलं तेव्हा, मले समजलं." इतक्या वर्षांचं एकदम निघालं. "रडत होतीस ढसाढसा. कोणाच्या तोंडाकडे पाहून रडत होतीस?"

अल्का तिच्याकडे बघतच राहिली. "त्याच्याच."

"त्याले मिशी होती?"

"होती ना, मामी." ती गोंधळली होती. "मी तर समजत होती का तुम्हीच सांगून बनवली. तुम्हाले लिहिलं असंल त्यानं, म्हटलं."

पार्वताबाईच्या मुठीतली कणी तशीच राहिली.

"कधी होती?"

"लढाईवर जाताना." अल्का ओट्यावर टेकली. "मी दरेकशाला होती, बहिणीच्या लग्नाले. त्याची पलटण ओरिसातून वर जाऊन राहिली होती, मिलिटरीच्या गाडीनं. एसटीडीवाल्याकडे निरोप आला, दरेकशावरून जाईन, थांबली तर दिसशील. मी ठेसनावर जाऊन बसली. अन् थांबली ना, सिग्नलले. उतरू देत नव्हते कोणाले. दारात उभा होता. मी ओळखलंच नाही आधी. मिशीवाला कोण हात करून राहिला, म्हटलं. मग हसला."

"काय म्हणे?"

"बोलाले वेळ कुठं होता? म्हणे, मायले सांगू नको मिशी ठेवली म्हणून. सुट्टीवर येतो, सीधा अंगणात उभा राहतो. पाहू, माय ओळखते का."

अंगणात कोंबड्या मुठीखाली येऊन ताटकळल्या होत्या.

"अन् पेटी बंद आली," अल्का म्हणाली. "पुतळ्यावरचा कपडा काढला, तर तोच. दारातला. शेवटचा पाहिलेला. म्हणून रडली मी, मामी. मले वाटलं, तुम्हीबी त्यासाठीच गप आहात."

पार्वताबाईनं कणी टाकून दिली आणि सुनेशेजारी ओट्यावर बसली. पोर मोठं होऊन गाडीच्या दारात उभं होतं. ते अल्कानं पाहिलं, आपण नाही. मूर्तिकारानं आंधळेपणी मारलेला दगड नेमका लागला होता, आणि आपण छन्नी घेऊन गेलो. मग तिनं विचारलं,

"अशीच होती? पीळवाली?"

"छे! पीळ द्याले केस तर पाहिजे. आताच ठेवली होती. बारीक. दोन-चार केस इकडे, दोन-चार तिकडे."

"बापासारखी. त्याचीबी नाही भरली कधी."

दोघी हसल्या. हसता हसता अल्कानं डोळे पुसले, आणि पार्वताबाईनं ते पाहिलं नाही असं केलं.

अल्का पाचच्या बसनं निघाली. खुशबू, तिची पोरगी, शेजाऱ्यांकडे बसली असेल म्हणाली. पार्वताबाईनं लाखोळीची डाळ पिशवीत बांधून दिली.

"तुह्याजवळ फोटो आहे ना त्याचा?"

"वर्दीतला. बिनमिशीचा. आणू पुढच्या खेपेले?"

"आण."

बस गेली. आणेल, म्हणाली तर होती. पण दरेकसा काही हाकेच्या अंतरावर नाही, आणि संसारातल्या बाईची पुढची खेप कधी येते ते पार्वताबाईला ठाऊक होतं.

ऑगस्टात घनश्याम डबे-ब्रश घेऊन आला. पार्वताबाई चौथऱ्यापाशी उभीच होती.

"सरपंच म्हणे, पहिले होती तशीच रंगवून दे, काकी. सिमेंट नाही तर नाही, काळ्या रंगानं."

"मिशी सरपंचाच्या पोराची आहे का?"

"मग? नाही काढू?"

"काढ. पण बारीक. आताच फुटली आहे त्याले."

घनश्यामनं सगळ्यात लहान ब्रश शोधला. जन्मभर ट्रकांवर मोर काढलेला माणूस, त्याला एवढं बारीक काम जड जात होतं. जीभ दातांत धरून त्यानं केस ओढले, दोन-चार इकडे, दोन-चार तिकडे. "आणखी?" "बस." तो डबे आवरून गेला.

सायंकाळची बस यायला वेळ होता. थांब्यावर एक बकरी आणि पार्वताबाई. ऑइलपेंटचा वास येत होता. तिनं आज कित्येक वर्षांनी मान वर करून नीट पाहिलं. सोनेरी गडी, कोवळी मिशी, अंगणात येऊन गुपचूप उभा राहिल्यासारखा.

"कायची मिशी ठेवली रे?" ती म्हणाली. "बकऱ्यावानी दिसून राहिलास. काढून टाक."