गोडी बाव

वादळाच्या दुसऱ्या सकाळी सुभद्राकाकीच्या गायीने बादलीतलं पाणी हुंगलं आणि तोंड फिरवलं. काकीने तिला एक शिवी घातली, स्वतः ओंजळ भरून तोंडाला लावली आणि थुंकली. मग विहिरीच्या कठड्याला टेकून तिथेच खाली बसली.

"शर्मिला," तिने मला हाक मारली, "हयसर ये गो. चाखून बघ."

मी चाखलं. समुद्रच होता तो.

आमच्या सुरवाडीत चौदा घरं. पुढे समुद्र, मागे सडा, म्हणजे कातळाचं उंच पठार. मधल्या वाळूच्या पुळणीत काकीच्या सासऱ्याने खणलेली ही विहीर. लाटांपासून शंभर पावलांवर, पण पाणी शहाळ्यासारखं, म्हणून नाव गोडी बाव. चौदाही घरं तिच्यावरच. तौक्ते वादळात किनाऱ्यावरची सुरूची झाडं आडवी झाली, वाळूचा उंचवटा फुटला आणि समुद्र आमच्या खळ्यांतून, अंगणांतून फिरून बावीत उतरला. कौलं उडाली, माड मोडले, मंगेशची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, होडी उलटी होऊन दुसऱ्याच्या परसात पडली. ते सगळं दिसत होतं. पाणी गेलं ते गायीने दाखवलं.

सड्यावर एक लहान विहीर होती. चढायला पाऊण तास, भरली कळशी घेऊन उतरायला त्याहून जास्त. बायका सकाळी एक आणि संध्याकाळी एक खेप करू लागल्या. काकी सत्तरीची, ती तीन करायची. एक गायीसाठी.

आठव्या दिवशी टेम्पो आला. त्यातून ताडपत्री, तांदूळ, औषधांचे खोके आणि मठातल्या दोन सिस्टर उतरल्या. मोठ्या सिस्टर वेरोनिका वसईच्या, पन्नाशी उलटलेल्या, शुद्ध बोलणाऱ्या. दुसरी डेल्सी, नर्स, इन्सुलीची. शाळेच्या ज्या खोलीवर अजून पत्रे होते तिथे त्यांनी चटया टाकल्या.

वाडीत वयाने मोठे हरिश्चंद्र आजोबा. ते वाटेतच उभे राहिले.

"हे आज तांदूळ देतत आणि उद्या देव बदलूक सांगतत," ते आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाले.

डेल्सीने खोका खाली ठेवला. "आजोबा, तुमचो देव तुमच्याकडे ऱ्हवांदे. माका आधी तुमचो पाय दाखवा. पत्रो लागलो आसा मां?"

लागला होता, आणि सुजून काळा पडत चालला होता. तिने नऊ दिवस ती जखम धुतली. दहाव्या दिवशी आजोबा शाळेसमोर जळणासाठी पडलेलं सुरूचं लाकूड फोडत बसलेले दिसले. पुन्हा देवाचा विषय निघाला नाही.

सरकारी माणसं आली, फोटो काढून गेली. मालवणहून मदतीच्या गाड्या आल्या, त्याही पंधरा दिवसांत आटल्या. या दोघी राहिल्या. पहाटे खोलीत हळू आवाजात प्रार्थना म्हणायच्या आणि उजाडल्यावर आमच्याबरोबर कळशी घेऊन सडा चढायच्या. वेरोनिका सिस्टरांना दम लागायचा. अर्ध्या वाटेवर त्या कातळावर बसायच्या आणि खाली आमच्या बावीकडे बघत राहायच्या.

एक दिवस तिथेच त्या काकीला म्हणाल्या, "काकी, दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरकडे पूर आला तेव्हा आम्ही वीस-बावीस विहिरी साफ केल्या. पूर्ण उपसायची, गाळ काढायचा, औषध टाकायचं. दोन-तीन वेळा केलं की पाणी पूर्वीसारखं. इथेही करू या."

काकी म्हणाली, "माझो सासरो सांगायचो, हे बावीची तिसरी पायरी उघडी पडली काय कळशी सोडूची नाय. घरात लग्न असला तरी नाय. तळ कोणीच बघूक नाय तिचो."

"ते पाणी पुरवून वापरावं म्हणून असेल."

"तसाय असात." काकीने पदराने तोंड पुसलं. "तुमका खात्री आसा?"

"आहे," सिस्टर म्हणाल्या.

आम्हाला तेच ऐकायचं होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर काही जणांनी वेगळं सांगितलं. त्या दिवशी आमच्यातल्या एकीनेही नको म्हटलं नाही. पाय भरून आले होते सगळ्यांचे.

वीज महिनाभर नव्हती. मंगेशने माडांना पाणी लावायचा डिझेल पंप आणून बसवला, मी पाईप धरला. दिवसभर इंजिन धडधडत होतं. गाळ निघाला, माडाच्या झावळ्या निघाल्या, कोणाच्या तरी घराचा दरवाजा निघाला. बायका चहा करून देत होत्या. वादळानंतर वाडी पहिल्यांदा हसली ती त्या दिवशी. दुसऱ्या सकाळी पाणी भरलेलं होतं. खारटच, पण थोडं कमी, असं आम्हीच एकमेकींना सांगितलं. पुन्हा उपसलं. तिसऱ्या वेळी तळ दिसला. पांढरी वाळू आणि समुद्राच्या अंगाला दोन दगडांमध्ये एक फट. त्या फटीतून स्वच्छ, थंड पाणी झुळझुळ येत होतं. मंगेश खाली उतरला होता. त्याने बोट बुडवून जिभेला लावलं आणि वर बघितलं.

"काय रे?" काकीने विचारलं.

तो बाजूला थुंकला.

"अजून एकदा काढू," सिस्टर म्हणाल्या. आम्ही अजून चार दिवस काढलं.

मग पाऊस लागला. पागोळ्यांखाली पिंप, टोपं, जे मिळेल ते मांडलं आणि चार महिने त्यावर निभावले. सिस्टर म्हणायच्या, पाऊस बाव धुवून काढील. चतुर्थीला शेजारच्या देऊळवाडीतून बातमी आली. तिथल्या दोन विहिरींतही समुद्र शिरला होता. त्यांच्याकडे पंपही नव्हता आणि कोणी सिस्टरही गेल्या नव्हत्या. त्यांनी विहिरी तशाच सोडल्या होत्या. तिथलं पाणी आता भात शिजवायला चालत होतं. आमचं जनावरही पीत नव्हतं.

दसऱ्याच्या सुमाराला भूजल खात्याचे एक साहेब पाण्याचा खारटपणा मोजायचं यंत्र घेऊन आले. काकी सड्यावर गेली होती. बावीपाशी मी आणि वेरोनिका सिस्टर दोघीच. साहेबांनी यंत्र बुडवलं, आकडा बघितला, पुन्हा बुडवला.

"हिचा उपसा झाला होता का?"

"का?" सिस्टरांनी विचारलं.

साहेब भला माणूस होता. कठड्यावर बसून त्याने नीट समजावलं. पुळणीखाली समुद्राचं पाणी असतंच. पावसाचं गोडं पाणी त्याच्यावर तरंगत असतं, दुधावर साय धरते तसं. वरून खारं पाणी पडलं तर एक-दोन पावसाळ्यांत ते निघून जातं. पण घाईने तळापर्यंत उपसलं तर साय जाते आणि खालून समुद्र वर येतो. तो आला की सहजी मागे जात नाही.

"किती दिवस?" सिस्टर म्हणाल्या.

"दिवस नाही, सिस्टर. पाच वर्षं, दहा वर्षं. खरं सांगायचं तर सांगता येत नाही."

त्याने कागद काढला. वादळाने खराब झालेल्या विहिरींच्या गावांना नळयोजना मंजूर होणार होती. यादी त्याच्या अहवालावरून ठरणार होती. कागदावर एक रकाना होता, नुकसानीचं कारण. त्याने पेन उघडलं आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, "अतिउपशाने बिघडलेली विहीर यात बसत नाही. उपसा झाला नव्हता, असं लिहू ना?"

मी सिस्टरांकडे बघितलं. माझ्या मनात एवढंच होतं, बोलू नका. नुसत्या गप्प बसा. तो आपणहून लिहील.

त्यांचा हात गळ्यातल्या क्रुसाकडे गेला नाही की काही नाही. दोन्ही हात कठड्यावर होते.

"झाला होता," त्या म्हणाल्या. "सात दिवस. माझ्या सांगण्यावरून."

साहेबांनी तसंच लिहिलं.

संध्याकाळी सिस्टरांनीच सगळ्यांना काकीच्या खळ्यात बोलावलं आणि उभ्या राहून सांगितलं. बावीचं सांगितलं, कागदाचंही सांगितलं. कशातलं काही लपवलं नाही. डेल्सी मान खाली घालून बाजूला उभी होती.

हरिश्चंद्र आजोबा पहिले बोलले. "बावीचा ऱ्हवांदे. ती चूक झाली, आमीय हात लावललो. पण नळ येय होतो, तो कित्याक घालवलास? एक शब्द गिळाक येय नाय होतो?"

"नाही आला," सिस्टर म्हणाल्या. "मला क्षमा करा."

मंगेश उठून गेला. शेवटी काकी पायरीवरून बोलली. आवाज चढवला नव्हता तिने.

"क्षमा दिली तर पाणी गोडा होतला?"

"नाही."

"मगे ती घेवन तुमी काय करतल्यात?" काकीने गुडघ्यावर हात ठेवून उठायला सुरुवात केली. "माका गाय बांधूची आसा."

यादी लागली. देऊळवाडीचं नाव त्यात होतं. त्यांच्या विहिरी सुधारल्या होत्या, तरी कारण वादळ होतं. आमचं नव्हतं. वेरोनिका सिस्टरांनी तीन अर्ज केले, ओरोसला जिल्ह्याच्या कचेरीत चार खेपा मारल्या. तिथे शुद्ध मराठीत त्यांना सांगण्यात आलं की अहवालात आपणच तसं नमूद केलं आहे.

तरी त्या रोज आमच्याबरोबर सडा चढत राहिल्या. बोलणं कमी झालं होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना मठातून बोलावणं आलं, वसईला. जाताना त्या प्रत्येक घरी गेल्या. काहींनी पाणी विचारलं, काहींनी नाही. काकीने गाय आदल्याच आठवड्यात कुणकेश्वरला बहिणीकडे पाठवली होती. तिसरी खेप आता तिला झेपत नव्हती. रिकाम्या गोठ्यासमोर सिस्टर बराच वेळ उभ्या होत्या. काकीने त्यांना थांबाही म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही.

आता डेल्सी महिन्यातून एकदा दवाखाना घेऊन येते. बावीचं पाणी बाटलीत भरून तपासते, मान हलवते आणि बाटली तिथेच रिकामी करते. टँकर उन्हाळ्यात येतो, रस्ता असेल तिथपर्यंत. बाकी दिवस सडा आहे.

वेरोनिका सिस्टर रविवारी चर्चमधली मिसा झाली की माझ्या फोनवर फोन करतात. काकीशी बोलायचं म्हणतात. गेल्या रविवारीही केला. आम्ही दोघी कळश्या घेऊन निघतच होतो. काकीने फोन कानाला लावला. पलीकडून काय विचारतात ते मला ऐकू येत होतं, दर वेळी तेच असतं.

"बरी आसंय," काकी म्हणाली. "गुडघो दुखता वायच. पाणी? पाणी सुधारता आता. हो, हो. ह्या पावसात बराच गोडा झाला. च्याय करतंव आमी तेचो."

फोन बंद करून तिने माझ्या हातात दिला.

"काकी, खोटा कित्याक सांगलंस?"

काकीने चुंबळ डोक्यावर नीट बसवली.

"तिका जमला नाय ता," ती म्हणाली. "माका जमता. चल, ऊन चढता."