मानेखालचा हात

"त्या बाई बोलल्या तुमच्याशी, चाळीस जणांशी नव्हे," असं पहारेकरी काका म्हणाले तेव्हा ती कार्डं कापत होती. तिने कटरची मूठ खाली दाबली, कागदाची एक पट्टी उडवली आणि मान वर न करताच विचारलं,

"काका, नाव कुठे घातलंय मी?"

किल्ल्यांचा जुडगा चाळवत काका दाराकडे गेले, आणि तिने त्यांचं बोलणं कानावरून वारा जावा तसं जाऊ दिलं. त्याला आज आठवडा झाला. आजही सोमवार होता, कटर तिथेच होता, समोर कोऱ्या कागदांची चवड होती, आणि सकाळपासून तिच्याने एक ओळ लिहवली नव्हती.

चर्चच्या बाजूच्या खोलीत शोकमातेची लाकडी मूर्ती होती. माणसाएवढी आई, तिच्या मांडीवर मेलेला मुलगा. त्या खोलीची देखभाल आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची विचारपूस एवढंच खरं तर तिचं काम. चार ओळींच्या कवितेचं कार्ड ही तिची स्वतःची हौस. दर सोमवारी चार ओळी लिहायच्या, चाळीस प्रती काढायच्या, कापून मूर्तीपुढच्या तबकात ठेवायच्या. फादरना कल्पना आवडली होती. "लोक निदान दोन मिनिटं थांबतात," ते म्हणाले होते.

शिवणवाल्या बाई मात्र त्याआधीपासून थांबत. रोज सव्वाचारला यायच्या, बाहीवर कुठल्या तरी रंगाचा दोरा चिकटलेला असायचा. दहा मिनिटं उभ्या राहायच्या आणि जायच्या. वर्षभरात त्यांचं बोलणं झालं ते एकदाच.

"तुम्ही सारखं तिच्या तोंडावर लिहिता," बाई म्हणाल्या होत्या. "तिचा हात बघा. मान धरलीय त्याची. मेलेल्याची मान कुणी धरतं का? तान्ह्याची धरतात."

ती बघत राहिली. खरंच, आईचा उजवा पंजा मुलाच्या मानेखाली पसरलेला होता. बोटं फाकलेली, अंगठा कानामागे. घरी सात महिन्यांच्या लेकीला उचलताना तिचा हात असाच जायचा.

"माझ्याकडून एकदा सुटली," बाई मूर्तीकडे बघतच म्हणाल्या. "एकदाच." मग दाराशी ठेवलेली पिशवी उचलून त्या गेल्या.

त्या रात्री तिने लेकीला चार वेळा चाचपून पाहिलं. मन चिंती ते वैरी न चिंती. आणि चौथ्यांदा चाचपतानाच तिला वाटून गेलं, ओळ हीच. आठ महिने शोधत होते ती हीच. सोमवारी तबकात कार्डं पडली:

*आता धरून काय उपयोग,*
*तरी मान धरली आहे.*
*एकदाच सुटली हातातून,*
*आणि सगळं निसटलं.*

सव्वाचारला बाई आल्या. त्यांनी कार्ड उचललं, वाचलं, आणि पुन्हा तबकात ठेवलं. पालथं. मग चवडीच्या कडा बोटांनी जुळवून सरळ केल्या, कापडाच्या घड्या जुळवतात तशा, आणि मूर्तीकडे न बघताच बाहेर पडल्या. तेव्हापासून सात दिवस त्यांचा पत्ता नव्हता.

आज बारा वाजता तिने पुन्हा घरी फोन लावला.

"श्वास घेतेय," सासूबाई म्हणाल्या. "आणखी काही?"

"तसं नाही, आई, सहजच..."

"अगं, तू अकराला केलास, साडेअकराला केलास. मधल्या अर्ध्या तासात काही ती कॉलेजला गेली नाही. तुझा आवाज का असा?"

"काही नाही."

"जेवलीस?"

ती जेवली नव्हती. डबा तसाच बंद ठेवून ती जेवणाच्या सुट्टीत बाई काम करायच्या त्या कोपऱ्यावरच्या कपड्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात गेली. मालक पँटची शिवण उसवत होता.

"मंगळवारपासून नाहीत," तो म्हणाला. "फोन बंद. अहो, आठ वर्षांत एक खाडा नाही त्यांचा. माझीच चार गिऱ्हाइकं बोंबलतायत."

"कुणी जाऊन बघितलं का?"

त्याने सुई तोंडातून काढली. "एकटा माणूस मी. दुकान कुणावर टाकू? आणि बाईमाणसाच्या दारात जाऊन काय विचारू?" मग जरा ओशाळून म्हणाला, "पाण्याच्या टाकीमागच्या इमारतींत राहतात. आठ आहेत तशा. कुठली ते नाही माहीत."

तिच्या पायाला भिंगरी लागली. आठांतल्या तीन इमारती तिने पालथ्या घातल्या. दारांवर पाट्या नव्हत्या, नुसते आकडे. एका बाईने साखळीआडूनच ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही कोण त्यांच्या?" मैत्रीण म्हणावं तर बाईंचं नावसुद्धा तिला आत्ता मालकाकडून कळलं होतं. चौथ्या इमारतीच्या जिन्यात तिने घड्याळ पाहिलं. खोली उघडायची वेळ होऊन गेली होती.

परतली तेव्हा काकांनी दार उघडून ठेवलेलं होतं. उशीर का झाला, हे त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"मी त्यांना मारलं का हो, काका?" ती म्हणाली.

"काहीतरीच." काका स्टुलावर बसले. "सुतावरून स्वर्ग गाठू नका. गावाला गेल्या असतील. आजारी असतील. रागावल्याही असतील, माणसाला रागवायचा हक्क असतो."

"आणि यातलं काहीच नसलं तर?"

ती मेजाशी बसली आणि या आठवड्याच्या कार्डासाठी भराभर लिहू लागली. टाकीमागच्या इमारतींत राहणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, पन्नाशीच्या, डाव्या पायावर किंचित भार देऊन चालणाऱ्या बाई. बाईंचं नाव. एकट्या असतात. त्यांच्या हातून एकदा...

काका मागे येऊन उभे राहिल्याचं तिला कळलं. या वेळी त्यांनी सांगण्याआधी तिनेच पेन थांबवलं. खोलीत येणारे निम्मेअधिक लोक त्याच इमारतींमधले. बाई आत सुखरूप असल्या आणि उद्या जिन्यात उतरल्या, तर आठही इमारतींच्या नजरा त्यांच्याकडे वळतील. तिने तो कागद फाडला, तुकडे पर्समध्ये टाकले. इथल्या कचऱ्याच्या डब्यातही टाकले नाहीत.

मग ती उठून मूर्तीपुढे गेली. काय लिहायचं म्हणून गेली नव्हती. बसवत नव्हतं म्हणून गेली. मांडी, हात, मान. त्या आईला कुणी काही विचारलं असेल का, की कसं झालं, कुणामुळे झालं? विचारलंच असेल. लोक विचारतात. तिने स्वतः न विचारता लिहूनच टाकलं होतं.

चार वाजता प्रती निघाल्या. कटरची मूठ दाबताना तिचा हात दोनदा घसरला. काकांनी एक कार्ड उचलून ओठ हलवत वाचलं.

"यात त्या कुठे आहेत?"

"नाहीत."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा एकदा वाचलं, आणि चवडीतून दहाएक कार्डं मोजून खिशात घातली.

"आमच्या बाजूलाही इमारती आहेत," ते म्हणाले. "आणि तुम्ही निघा आता. उरलेल्या पाच इमारती उजेडात बघून या. खोली मी सांभाळतो."

तिने उरलेली कार्डं तबकात ठेवली, सुलटी. सव्वाचार होत आले होते. दाराकडे एकदा बघून ती घाईने पायऱ्या उतरली. खोलीत पहिला शिरलेला माणूस टोपी काढून मूर्तीपुढे थांबला आणि सवयीने त्याने कार्ड उचललं:

*आज इथे कविता नाही.*
*तुमच्या जिन्यावर एकटं राहणारं कुणी*
*बरेच दिवस खाली उतरलं नसेल,*
*तर घरी जाताना त्यांचं दार वाजवा.*
*काय झालं, ते विचारू नका.*
*दार उघडेपर्यंत थांबा.*