ताजी धूळ

मनगटाला मांदेलीचं एक खवल चिकटून राहिलं होतं, वाळून कडक झालेलं, आणि शिक्षकखोलीत बसलेली पुष्पलता ते नखाने काढायचं सोडून नुसती बघत होती... दोनदा साबण लावूनही राहिलंच. सकाळचं बोलणंही तसंच राहिलं होतं. "शिळी हाय मांदेली," बळवंत ताट सारत म्हणाला होता. चिंचणीच्या मासेमार मांगेल्याच्या मुलीला नवरा ताजं-शिळं शिकवतो! "मांदेली ताजीच हाय, तुमचं तोंड शिळं हाय," तीही म्हणाली, आणि मांदेलीवरून गाडी नेहमीसारखी शिरगाववर आली. "जायाचा हाय तं जा. मी नाय म्हनत नाय," तो म्हणाला होता.

संस्थेच्या शिरगावच्या शाळेत जागा होती, राहायला खोलीही — एकटीला पुरेल एवढी — आणि मुख्याध्यापकांना आज होय की नाही ते सांगायचं होतं. बोईसरच्या घरात ती दमली होती. कामाने नव्हे, सतत सावध राहून. बळवंतने तिला न विचारता मासेमारीची बोट विकली, कारखान्यात लागला, सगळं तिथूनच सुरू झालं, असं ती स्वतःला सांगत आली होती... जुनी धूळ आहे, बसेल कधीतरी, वय झालं की माणसं निवळतात. कसली निवळतात!

पुढच्या तासाला नववीच्या वर्गात ती सूर्यासारख्या मध्यमवयीन ताऱ्यांभोवतीच्या धुळीच्या तबकड्या शिकवत होती.

"बाई, तारा मध्यमवयीन ना? मग धूळ अजून कशी?" किंजलने विचारलं. "जन्माच्या वेळची?"

"नाही गं. ती कधीच उडून जाते, नाहीतर ताऱ्यात पडते. पण मोठाले दगड फिरत असतात, एकमेकांवर आदळतात, त्यातून नवी होत राहते. दिसते ती ताजीच..."

खडू फळ्यावर थांबला.

"सगळ्यांकडे असते?"

"सूर्यासारख्या पाचांत साधारण एकाकडे दिसते. बाकीच्यांकडे नाहीच असं नाही. थोडी असली तर इतक्या लांबून कळत नाही." आणि तिला शेजारची हिना आठवली, रोज नवऱ्याबरोबर हसत बाजारात जाणारी — तिलाही लांबूनच तर बघते मी.

म्हणजे बोट नव्हे. बोट केव्हाच गेली. ही धूळ आज सकाळची, मी आणि त्यांनी मिळून केलेली, उद्या पुन्हा करू ती... आणि मी इतकी वर्षं ती बसायची वाट बघत बसले!

मुख्याध्यापकांना तिने "उद्या सांगते" म्हटलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बळवंत पाळीवरून येऊन दारातच उभा होता. "काय सांगितलास?"

तिने ठेवणीतलं उत्तर काढलं — बोट विकलीत तेवा मला विचारलात काय? — आणि ते ओठांपाशीच अडलं. या एका वाक्यावर तिने किती भांडणं जिंकली होती. आता जायचं तर आजचं कारण द्यावं लागणार, राहायचं तरी आजचंच, आणि दोन्हींपैकी एकही तिच्यापाशी तयार नव्हतं. तो तिच्याकडे बघत थांबला होता. तिला भीती वाटली, आणि बऱ्याच दिवसांनी थकवा वाटला नाही.