कुरकुरणाऱ्या खुर्चीची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि माझा कोणावरही विश्वास नाही. ‘काही दुखणार नाही हं,’ असं म्हणणाऱ्यांवर तर मुळीच नाही. ते वाक्य मी रोज ऐकते आणि लगेच कोणीतरी माझे हात घट्ट पकडतं.

नवी होते तेव्हा माझं काय कौतुक! हिरवंगार रेक्झिन, मागे कलणारी पाठ. मला दवाखान्यात एका यंत्राशेजारी ठेवलं. ते यंत्र माणसाचं रक्त एका हातातून घेतं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतं आणि उरलेलं दुसऱ्या हातातून परत देतं. निदान तसं सांगतात. मी अजून लक्ष ठेवून आहे.

पुढे माझा सांधा सैल झाला. वजनदार माणूस बसला की मी कुरकुरू लागले आणि कौतुक संपलं. नर्सबाई म्हणायच्या, “हिला तेल तरी घाला, नाहीतर भंगारात तरी काढा.”

एकदा दोन जुळे भाऊ आले. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं! थोरल्याला एचआयव्ही होता. त्या विषाणूने त्याच्या शरीराचे पहारेकरी, म्हणजे पांढऱ्या पेशी, मारत आणल्या होत्या. धाकटा धडधाकट. त्याच्या पेशी थोरल्याला देऊन बघायचं ठरलं.

“हा प्रयोग आहे. गुण येईलच असं मी म्हणत नाही,” डॉक्टर म्हणाले. एवढं एकच वाक्य मला खरं वाटलं.

त्या दिवशी धाकटा तपासणीसाठी माझ्यावर बसला आणि मी सवयीने कुरकुरले.

दुसऱ्या दिवशी तोच निळा सदरा, तेच कार्ड. नाव विचारलं, तेही बरोबर. तो बसला आणि मी गप्प! माझ्या मनात पाल चुकचुकली. हा तर हलका होता. पण मला बोलता कुठे येतं?

सुई दंडाजवळ आली आणि नर्सबाई थबकल्या.

“काल तुम्ही बसलात तेव्हा ही कुरकुरली होती. आज का नाही?”

“तेल घातलं असेल.”

“चार महिने मी मागे लागलेय, कोणी घालत नाही. खरं सांगा, तुम्ही दोघांतले कोण?”

त्याने मान खाली घातली. “थोरला. धाकट्याला काही झालं तर आईला काय तोंड दाखवू? म्हटलं, हे लोक काय करतात ते आधी आपण बघावं.”

“अहो, तुमच्याच पेशी तुम्हाला परत दिल्या असत्या आम्ही! सगळं मुसळ केरात.”

दारातून धाकटा आत आला. “दादा, ऊठ. आणि माझा सदरा दे.”

तो बसला. मी इतकी जोरात कुरकुरले की दोघेही हसले. थोरल्याच्या बाबतीत माझंही चुकलं होतं. मला तो लबाड वाटला होता, आणि तो नुसता घाबरलेला भाऊ निघाला. याची मला आजही लाज वाटते.

मित्रांनो, शंका जरूर घ्या, पण ती तोंडाने विचारा. दुसऱ्याचा सदरा घालून नको. आणि कोणी कुरकुरत असेल तर तेलाची बाटली शोधण्याआधी ते काय सांगतंय ते ऐका.

काही महिन्यांनी दोघे पुन्हा आले. त्याच दिवशी माझ्यासाठी तेलही आलं होतं. एकजण बसला, मी कुरकुरले.

“धाकटे ना?” नर्सबाईंनी विचारलं.

“नाही बाई, थोरला. वजन वाढलंय.”

गुण पेशींचा की चालू असलेल्या गोळ्यांचा, ते डॉक्टर अजून सांगत नाहीत. मीही लगेच विश्वास ठेवणार नाही. नर्सबाईंनी मात्र त्याला पुन्हा उठवलं, पुन्हा बसवलं, माझी कुरकुर नीट ऐकली आणि तेलाची बाटली न उघडताच कपाटात ठेवून दिली.